सात नंबर

मोबोरच्या हॉटेलामागे, धुतलेल्या चादरींच्या गाड्या येतात
तिथं माझी खोली. एक व्हाइस, दोन फायली,
थिनरचा डबा, आणि भिंतीला टेकून
लोकांच्या काठ्या.
मी मुठी बदलतो. जुनं रबर चिरायचं, टेप खरवडायची,
नवं रबर ओलं आहे तोवर सरळ बसवायचं.
एवढंच काम.

हिरोसे दर जानेवारीत यायचे. एकटे.
बॅगेत नऊच काठ्या, चौदा चालत असताना.
सगळ्यांवर तांदळाच्या दाण्याएवढा शिक्का: तोगावा.
हे नाव कधी ऐकलं नाही, मी म्हटलं.
ऐकलं नसशील, म्हणाले. हातात धरलं असशील.

मग सांगितलं, त्यांच्या तुटक इंग्रजीनं माझ्या तुटक इंग्रजीला:
आईचे वडील विळे घडवायचे, भातकापणीचे.
लढाईत काय घडवलं, ते घरात कुणी विचारत नसे.
लढाई संपली, भाता गार पडला,
तेव्हा एक अमेरिकन अधिकारी जीपमधून उतरला
मोडकी काठी घेऊन. अशीच दुसरी कर.
म्हाताऱ्याला वाटलं, कुणा लंगड्याची असेल.
त्यानं ती भार पेलेल अशी केली.
मैदान पाहिलं ते अकरा वर्षांनी,
तेही कुंपणाबाहेरून.

पुढं नाव झालं. म्हणजे दुसऱ्यांचं झालं.
लोखंड तापे तोगावाकडे, घण पडे तोगावाकडे,
आणि पेटीत भरताना वर मोठ्या कंपनीचं नाव उमटे.
चषक उचलणारे त्या नावाचा मुका घेत.
जाणते मात्र काठी उलटी धरून
मानेपाशी एक घासलेली रेघ शोधत
आणि गप्प बसत, भाव वाढेल म्हणून.

चेंडू बरोबर लागला तर हाताला कळत नाही,
हिरोसे म्हणाले.
चुकला की कळतं.

माझे बाबा असोळण्याला कात्या घडवायचे,
रेंदेरांच्या. पातळ, वाकड्या,
माडाच्या पोयीला कागदाएवढी चीर देणाऱ्या.
शिक्का नाही. च्यारी म्हटलं की पुरे.
वेळ्ळीचा कायतान यायचा,
पातं नखानं वाजवायचा, कानाशी धरायचा,
तिनातली एक उचलायचा.
उरलेल्या दोन बाबा कुणाला विकत नसत,
पुन्हा आगीत घालत.
आई म्हणायची, कोळसा काय माडाला लागतो?

मागच्या वर्षी एक पाहुणा आला, तोगावाचा अख्खा संच घेऊन,
लिलावात मिळालेला. कारखाना बंद झाला ना,
म्हणाला, आता सोन्याचा भाव.
बंद झाल्याचं मला तेव्हा कळलं.
त्याचा सात नंबर मी नखानं वाजवला.
आवाज निघाला आणि तिथंच बसला,
पत्र्याच्या डब्यासारखा.
मी मूठ बदलून दिली, साडेतीनशे घेतले.
एवढा खूश माणूस, त्याला काय सांगायचं.

हिरोसे यंदा आले नाहीत. गेल्या साली पण नाही.
त्यांचा सात नंबर माझ्याकडेच आहे, दुरुस्तीला.
पावती फाडलेली आहे, नंबर एकशे बारा.

काल कायतान आला, सायकल हातानं ढकलत.
माड चढणं सोडून सहा वर्षं झाली.
बाबांची काती आणली होती, मूठ वाळवीनं खाल्लेली.
पोराला ती भिंतीवर टांगायचीय, म्हणाला,
मला धरायचीय.
हिरोसेंनी दिलेलं एक रबर उरलं होतं.
कापून बसवलं. विचित्र दिसत होतं,
पण त्यानं दोनदा हवेत फिरवून बघितलं
आणि मान हलवली.

जाताना भिंतीपाशी थांबला.
एवढ्या काठ्यांतून नेमका तो सात नंबर उचलला,
नखानं वाजवला, कानाशी धरला.
बराच वेळ धरला.

हें कोणें केलां?
च्यारयान, मी म्हटलं.

त्यानं कडेवरून अंगठा फिरवला,
माझ्याकडे बघितलं.
धार ना रे हाका.